मस्टँग दारात आहे, तिच्या जोडीला काय घेऊ?

जालन्याच्या एका वाचकानं लिहिलंय:

"दादा नमस्कार. माझी बियाणं-खताची एजन्सी आहे. २०१८ ची फोर्ड मस्टँग जीटी आहे माझ्याकडं, सेकंड हँड घेतलेली, लई जीव आहे तिच्यावर, विकायची नाही. पण चालवणं होत नाही, अधूनमधून समृद्धीवर जाऊन येतो, बाकी वेळ गोदामात कव्हर टाकून उभी. आता अजून एक स्पोर्ट्स कार घ्यावी म्हणतोय, साठ लाखांपर्यंत जाईन. डोक्यात जुनी बीएमडब्ल्यू एम३४०आय आहे, जुनी पोर्शे केमन आहे, नाहीतर गोल्फ जीटीआय. मित्र म्हणतात बीएमडब्ल्यूच घे, मस्टँगला पण मागं टाकती. बायको म्हणती दोन दारांची एक आहे, आता आणायची ती चार दारांची आणा आणि मला पण चालवायला मिळाली पाहिजे. काय करू?"

भाऊ, नमस्कार. पत्र वाचून पहिलं हेच आलं मनात की तुमच्या मित्रांनी बीएमडब्ल्यूच्या बाजूनं जे कारण दिलंय ना, त्याच कारणासाठी ती घेऊ नका. मस्टँगला मागं टाकती म्हणून घ्यायची, म्हणजे मग मस्टँगचं करायचं काय? एम३४०आय गाडी वाईट नाही, उलट लई भारी आहे, ३७४ हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद, साडेचार सेकंदाच्या आत शंभर, वर चार दारं आणि एसी पण गारेगार. पण ती काम तेच करती जे तुमची मस्टँग करती. सरळ रस्ता, पाय दाबला, पोटात गोळा आला. फक्त ते जास्त सोपं करून देती. सहा महिन्यांत काय होईल सांगू का, समृद्धीवर जायचं म्हणलं की तुमचा हात बीएमडब्ल्यूच्याच चावीकडं जाईल, पावसात पण, रात्री पण, आणि मस्टँग गोदामात अजून धूळ खात बसेल. विकायची नाही म्हणता तर तिला घरातच सवत कामून आणता?

तुम्ही बियाणंवाले आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. सोयाबीनमध्ये तूर कामून टाकतात? तुरीचं सोटमूळ खोल जातं, सोयाबीनचं वरवर राहतं, एक लवकर निघतं, दुसरं थांबतं, एकमेकांच्या तोंडचं खात नाहीत. सोयाबीनमध्ये सोयाबीनच पेरलं तर त्याला आंतरपीक म्हणत नाहीत, दाट पेरा झाला म्हणतात. एवढं ध्यानात ठेवून दुसरी गाडी शोधायची.

मग आधी बघू मस्टँग काय देती आणि काय देत नाही. पाच लिटरचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, टर्बो नाही, भारतात आली त्या ट्यूनमध्ये चारशेच्या आसपास हॉर्सपॉवर. आवाज तर काय, स्टार्ट केली की गल्लीतली पोरं गोळा. पण वजन पावणेदोन टनाच्या आसपास, आरसे सोडून १.९ मीटर रुंद, बॉनेट एवढं लांब की पुढं काय चाललंय ते अंदाजानं घ्यायचं. आणि मुख्य म्हणजे इकडं ती फक्त सहा स्पीडच्या ऑटोमॅटिकमध्येच आली, मॅन्युअल फोर्डनं भारतात दिलीच नाही. म्हणजे क्लच, गिअर, हातापायाचा खेळ तुमच्याकडं शून्य. हलकेपणा शून्य. छोट्या रस्त्यावर निवांत फेकता येईल असलं काही नाही. समोर उसाच्या डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर आला, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, साइडपट्टी सहा इंच खाली, की मस्टँगमध्ये घाम फुटतो का नाही सांगा.

आता रस्ते बघा, कारण गाडी शोरूमच्या फरशीवर चालवायची नसती. जालन्याहून समृद्धी हाताशी, ७०१ किलोमीटरचा महामार्ग, जून २०२५ ला इगतपुरी ते भिवंडीजवळच्या आमणेचा शेवटचा तुकडा पण उघडला, म्हणजे आता सलग नागपूर ते मुंबई. तिथं लिमिट १२० चं. मस्टँग १२० ला किती आरपीएमवर असती तुम्हाला माहितीये, झोपलेली असती ती. मग जास्त ताकदीची दुसरी गाडी आणून तिथं तुम्ही करणार काय, कॅमेऱ्याला फोटो देणार? तो सिमेंटचा रस्ता आहे, मे महिन्यात दुपारी टायर असे तापतात की हात लावू वाटत नाही, तिथं १२० च्या वर जायचा विचार पण करू नका, आणि हे मी पोलिसांच्या भीतीनं म्हणत नाही.

मजा आहे ती दुसऱ्या रस्त्यांवर. खुलताबादवरून म्हैसमाळला चढणारा तो बारका रस्ता, पावसाळ्यात सकाळी सहाला, कणसंवाले यायच्या आधी. कन्नडचा औट्रम घाट, हायकोर्टाच्या आदेशानं २०२३ ला तिथं जड वाहनं बंद केली तेव्हापासून जरा श्वास घेण्यासारखा झालाय. बीडकडं मांजरसुंब्याचा उतार. फर्दापूरच्या बाजूला उतरणारा अजिंठ्याचा घाट. हे सगळे रस्ते तिसऱ्या गिअरचे आहेत, ५०-६० च्या स्पीडचे, एका वळणातून दुसऱ्यात जायचे. तिथं ४०० हॉर्सपॉवरला जागाच नाही, दीडशे-दोनशेवाली हलकी गाडी पूर्ण वापरता येती आणि लिमिटच्या आत राहून पण दात काढत घरी येता येतं. जुनं आहे हे, हळू गाडी जोरात चालवण्यात जी मजा आहे ती जोरातली गाडी हळू चालवण्यात नाही, आणि आपल्याकडचे रस्ते आपल्याला जोरातली गाडी हळूच चालवायला लावतात. आणि अगदीच पाय मोकळा करायचा असला तर मध्य प्रदेशात पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे, ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक, ते चाचणीचं ठिकाण आहे, कुणी रीतसर इव्हेंट घेतला तर जाता येतं. तिथं मस्टँगच न्या, तिचं ते माहेर.

म्हणून माझं म्हणणं: दुसरी गाडी हलकी पाहिजे, मॅन्युअल पाहिजे, अंगानं आटोपशीर पाहिजे, स्पीडब्रेकरवर पोट घासायला नको, आणि वहिनींची अट आहे म्हणून चार दारांची पाहिजे. वहिनींची अट मला एकदम रास्त वाटती बरं का, ती अडचण समजू नका, तिनं तुमची निवड निम्म्यानं सोपी केलीय.

फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय या हिशोबात बसती का? जवळपास. २६५ हॉर्सपॉवर, चार दारं, चेसिस तर नादच नाही. पण ती डीएसजी ऑटोमॅटिकच, शिवाय बाहेरून तयार आलेली गाडी. मे २०२५ ला आली तेव्हा पहिल्या लॉटमध्ये १५० होत्या, ५३ लाखांच्या जवळ एक्स शोरूम, आणि हातोहात गेल्या. तिच्याच मागोमाग ऑक्टोबरला स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आली, आरएस म्हणजे स्कोडाचं जोरातलं मॉडेल, १०० गाड्या, ५० लाखांना एक हजार कमी, त्या पण संपल्या. इंपोर्टेड गाडीला आपल्या राज्यात रोड टॅक्सच २० टक्के, म्हणजे गोल्फला दहा लाखांच्या वर नुसता टॅक्स गेला, इन्शुरन्स वेगळा, तुमचे साठ कधीच पार. वर आता घ्यायची म्हणजे कुणीतरी घेऊन ठेवलेली चढ्या भावात. नको.

पोर्शे केमन. इथं मी जरा थांबतो कारण मस्टँगला खरी जोड म्हणून कागदावर हिच्याइतकी बरोबर गाडी नाही. मस्टँगचं इंजिन पुढं, हिचं मधोमध, सीटच्या पाठीमागं. मस्टँग नाकानं जड, ही कमरेतून वळती. तुम्ही पुण्या-मुंबईत राहत असता तर मी म्हणलं असतं घ्या आणि गप बसा. पण पोर्शेचं वर्कशॉप तिकडं, आणि जालना ते मुंबई चारशे किलोमीटरच्या आसपास, बारकं वॉर्निंग लॅम्प लागलं तरी फ्लॅटबेड ट्रक बोलवा आणि पाठवून द्या, महिनाभर गाडी तिकडं आणि तुम्ही इकडं फोन लावत बसलेले. तरी घ्यायचीच झाली तर २००९ किंवा त्याच्या पुढचं मॉडेल बघा, कारण त्याच्या आधीच्या इंजिनांत आयएमएस बेअरिंग नावाचा एक भाग आहे, तो गेला की अख्खं इंजिन घेऊन जातो, पुढच्या इंजिनात तो भागच काढून टाकला. ७१८ म्हणजे चार सिलिंडरची टर्बो केमन पण चांगली, आवाजाला लोकं नावं ठेवतात, ठेवू द्या, आवाजाला तुमच्याकडं व्ही८ आहे की. पण दोन सीटा, दोन दारं. वहिनी दारातूनच परत पाठवतील.

आता जी मी सांगणार आहे ती ऐकून तुम्ही म्हणाल दादाचं डोकं फिरलं. स्कोडा लॉरा आरएस बघा. व्हय, लॉरा. २०११ ला आली, २०१३ ला नवी ऑक्टाव्हिया आली तशी गेली. १.८ टीएसआय टर्बो पेट्रोल, १६० हॉर्सपॉवर, सहा स्पीड मॅन्युअल, वजन १४०० किलोच्या आसपास, म्हणजे मस्टँगपेक्षा साडेतीनशे किलो तरी कमी, उसाची अर्धी मोळी नाही हो, चार-पाच माणसं उतरवल्यासारखं आहे ते. चार दारं, मागं आख्खं झाकण काचेसकट वर उचलतं आणि ५६० लिटरची डिकी, त्यात तुमच्या बियाण्याच्या पिशव्या पण बसतील आणि वहिनींचं माहेरचं सामान पण. आणि ही गाडी कुठं जोडली माहितीये का, तुमच्या घरापासून पाऊण तासावर, संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या एमआयडीसीत. २००१ पासून तिथं ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात झाली, तिच्यात पण आरएस होती, १.८ टर्बो दीडशे हॉर्सपॉवरवाली, अजून लोकं शोधत फिरतात ती. आपल्याकडं लोकांना वाटतं जोरातली गाडी म्हणजे मुंबईच्या बंदरातून यावी लागती, राव आपल्या शेजारच्या शेडमधून मॅन्युअल टर्बो गाड्या बाहेर पडत होत्या आणि आपण तेव्हा मर्सिडीजकडं बघत होतो. २०१० आठवतं ना, औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या संभाजीनगरच्या लोकांनी एकत्र येऊन एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या, देशभर बातमी झाली. त्या सौद्याचं मला अजून कौतुक आहे, एकत्र गेले म्हणून कंपनीशी भाव करता आला. पण त्यातल्या किती गाड्या मालकानं स्वतः चालवल्या आणि किती ड्रायव्हरनं, हा माझा आपला आगाऊ प्रश्न.

लॉरा आरएसचे तोटे लपवत नाही. पहिला म्हणजे वय. २०११ च्या गाडीची पंधरा वर्षं २०२६ ला भरतात, मग आरटीओत फिटनेस दाखवून पाच वर्षांसाठी पुन्हा रजिस्ट्रेशन, त्याची फी २०२२ पासून पाच हजार झालीय, वर ग्रीन टॅक्स. त्यामुळं शक्यतो २०१३ ची शोधा, नाहीतर जिचं हे काम मालकानं करून ठेवलंय अशी. दुसरं, इंजिन. हे १.८ टीएसआय ऑइल पितं. पिस्टन रिंगची भानगड आहे, काही गाड्या हजार किलोमीटरला अर्धा लिटर पण खातात, आणि मालक सांगत नाही, येण्याच्या आदल्या दिवशी टॉपअप करून ठेवतो. टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे इंजिनातली चेन ताणून धरणारा तुकडा, हा दुसरा दुखरा भाग. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की स्टार्ट करून ठेवू नको, मी आल्यावर थंड इंजिन माझ्यासमोर स्टार्ट कर. बॉनेटवर हात ठेवून बघा, गरम लागलं तर चहा पिऊन परत या. थंड स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड आवाज आला तर चेनचं काम आलं, तेवढे पैसे भावातून काढा नाहीतर सोडून द्या. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या बाजूनं कूलंट गळतं का बघा, गुलाबी डाग वाळलेले दिसतात. डायरेक्ट इंजेक्शन आहे त्यामुळं इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, आयडलला थरथर जाणवली तर ते साफ करून घ्यावं लागंल. क्लच आणि फ्लायव्हील महाग आहे, चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पाय पूर्ण दाबा, आरपीएम चढलं आणि गाडी नाही पळाली तर क्लच गेला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी खरंच आरएस आहे का! साध्या लॉराला मागं आरएसचा बिल्ला चिकटवलेल्या लई गाड्या फिरतात. डिझेल लॉराला पण लावलेला बघितलाय मी. आरसीवरचं मॉडेल वाचा, चेसिस नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला रेकॉर्ड काढा, बिल्ल्यावर विश्वास ठेवू नका. डायग्नोस्टिक स्कॅन करून घ्या, किलोमीटर मीटरमधलं एक आणि गाडीतल्या बाकीच्या छोट्या कॉम्प्युटरमधलं एक असं निघालं तर तिथंच हात जोडा. दुसऱ्या राज्यातली असली तर एनओसी आधी, टोकन नंतर, आणि इथं परत टॅक्स भरायचा आहे हे हिशोबात धरा.

मन एवढ्या जुन्या गाडीवर बसतच नसलं तर मग फियाटची अबार्थ पुंटो बघा, १४५ हॉर्सपॉवर, मॅन्युअल, चार दारं, स्टिअरिंगचा फील तर आजकालच्या गाड्यांत सापडत नाही, फक्त फियाटनं इथला संसार आवरलाय, पार्ट शोधायची तयारी पाहिजे. पोलो जीटीआयच्या नादी लागू नका, २०१६ ला ९९ च आणलेल्या, दोन दारांची आणि ती पण ऑटोमॅटिक. आणि बीएमडब्ल्यूचं भूत डोक्यातून जातच नसलं तर एम२ मॅन्युअलमध्ये मिळती, पण ती कोटीच्या घरातली गोष्ट, तुमच्या पत्रात कोटी कुठं दिसला नाही.

साठ लाखांतले लॉरावर किती जाणार? नवी होती तेव्हाच शोरूमला पंधराच्या आसपास होती. राहिलेल्या पैशातून आधी मस्टँगकडं बघा, कारण मला तुमच्या पत्रातल्या एका शब्दानं झोप लागू दिली नाही, गोदाम. बियाण्याच्या गोदामात गाडी उभी करता? अहो भाऊ, उंदरांसाठी याच्यापेक्षा चांगली सोय कोणती, खाली मका, वर गरम इंजिन आणि मऊ वायर. व्ही८ चं वायरिंग हार्नेस कुरतडलं तर इन्शुरन्सवाला पहिलं हेच विचारणार की कुठं उभी होती. घराशेजारी पत्र्याची का होईना, बंद गॅरेज बांधा, दोन गाड्या बसतील एवढं. बॅटरीला चार्ज टिकवणारा मेंटेनर लावा, चार-पाच हजारांत चांगला मिळतो, नुसती केबल काढून ठेवणं पुरत नाही. उभी करताना हँडब्रेक ओढू नका, चाकांना गुटके लावा. टायरमध्ये हवा जरा जास्त ठेवा, नाहीतर एका जागी चपटे होतात आणि मग शंभरला स्टिअरिंग थरथरतं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष, जर त्यावर अजून १८ दिसत असंल तर नक्षी कितीही चांगली दिसू द्या, समृद्धीवर न्यायच्या आधी ते चारही बदला. हे मी आग्रहानं सांगतोय, बाकी सगळं सोडलं तरी चालंल. मागची साइज २७५ ची, महाग आहे, पण लागतंय ते लागतंय.

पेट्रोलचं पण बघा. आता सगळीकडं २० टक्के इथेनॉल आहे, ते हवेतली ओल ओढतं, पावसाळ्यात महिना-महिना उभी राहणाऱ्या गाडीत जुनं पेट्रोल ठेवणं बरं नाही. थोडं टाका, चालवा, संपवा. लॉरा तर इथेनॉलच्या जमान्याच्या आधीची, तिचे रबरी होस आणि सील एकदा मेकॅनिककडून बघून घ्या, पन्नास-साठ रुपयांच्या तुकड्यापायी पेट्रोल गळायला नको.

राहिला वहिनींचा विषय. मस्टँग तुम्ही त्यांना चालवायला देत नाही हे पत्रात लिहिलं नाही, पण ओळींच्या मधून दिसतंय मला. लॉरा घेतली तर एक चावी त्यांची. मॅन्युअलची सवय नसंल तर पहिला महिना जालना-अंबड रोडला सकाळी जा, क्लच जरा कडक लागंल. आणि टेस्ट ड्राइव्हला दोघं जा, मागच्या सीटवर पण बसून बघा, ती सस्पेन्शनला कडक आहे, आपल्या खड्ड्यांवर कंबर बोलती. दोघांना पटलं तरच टोकन द्या. गाडी सापडली की आरसीची कॉपी आणि स्कॅन रिपोर्ट मला पाठवा, सौदा करायच्या आधी पाठवा, नंतर पाठवून मी नुसतं अभिनंदन करू शकतो.